निंबाची फाईल वर गेली

ये गं, जरा जवळ सरक. तू धुळ्यात आणि मी इकडे पाचोऱ्याच्या पलीकडे, तरी या कागदापुरती माझ्या मांडीला मांडी लावून बस. मला तुला रागवायचंय आणि लांबून रागावलं की ओरडावं लागतं. परवा फोनवर काय म्हणालीस? "अक्का, नोकरी झकास आहे, फक्त ते माहिती अधिकारवाले डोकं खातात." माझ्या लेकीची लेक तू. सरकारी कचेरीत लागलीस, टेबलावर 'जन माहिती अधिकारी' अशी पाटी आली, तेव्हा मी गावभर पेढे वाटले. अगं, डोकं खाणाऱ्यांत तुझी आजीपण आहे! तुझ्या आईने तुला सांगितलं नसणार. म्हातारीने कचेऱ्यांचे जिने चढावेत, हे तिला आवडत नाही. म्हणून मीच लिहिते. वाच, आणि मधे फोन बघू नकोस.

आपल्या गावाच्या तोंडाशी रस्त्याकडेचा निंब तुला माहीतच आहे. त्याच्या आडव्या फांदीला अखाजीला, तुमच्या शहरातल्या अक्षय्य तृतीयेला, झोका बांधतात, तुझे गुडघे तिथेच फुटलेत. मला मात्र तो वेगळाच आठवतो. लग्नानंतरची माझी पहिली अखाजी. त्या दिवशी लेकीने माहेरी असायचं. माझं माहेर शिंदखेड्याकडचं, भाऊ न्यायला येणार होता, तो तापाने पडला. मी चुलीपुढे बसून धुराचं निमित्त करून रडत होते. सासूबाईंनी हाताला धरून निंबाखाली नेलं, झोक्यावर बसवलं आणि स्वतः मागून झोका दिला. सासू सुनेला झोका देते हे गावाने पहिल्यांदा पाहिलं, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून हे गाव मला सासर वाटेनासं झालं.

तू कॉलेजात होतीस तेव्हा एका सकाळी एक माणूस डबा आणि ब्रश घेऊन आला. निंबाच्या बुंध्याला पांढरा पट्टा ओढून त्यावर लाल आकडा काढायला लागला. मी शेतातून येत होते.

"भाऊ, हे काय?"

"मोजणी शे, अक्का."

"झाडनी कसानी मोजणी?"

"रस्ता रुंद होणार शे."

"मग निंब तोडणार का?"

"ते यादीत असेल."

"यादी कुठे?"

"हापिसात." एवढं बोलून तो पुढच्या बाभळीकडे गेला.

मला एवढंच हवं होतं. यादीत निंब आहे की नाही. असला तर भांडता येतं, नसला तर झोपता येतं. कचेरीत गेले तर म्हणाले, असं तोंडी सांगता येत नाही, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तुला ठाऊक आहे, माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण अर्ज मीच लिहायचा ठरवलं. तर नियम काय? एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. तुझे आबा ओट्यावर सुपारी कातरत होते, ते अडकित्ता खाली ठेवून हसले.

"दीडशेत? तू? चहा झाला हे सांगायला तुला दोनशे लागतात!"

"तुम्ही पहिल्या हाकेला उठला असतात तर एकच लागला असता," मी म्हटलं.

पहिल्या अर्जात माझ्या सासूबाईच आल्या होत्या, झोक्यासकट. त्या काढल्या. मग भावाचा ताप काढला. काढत काढत शेवटी नुसता निंब उरला, आणि अर्ज नियमात बसला. तिकीट चिकटवून दिला.

तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, तू पाठ केलंच असशील. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, मी खूश. आत लिहिलेलं, 'सदर वृक्षाचा विषय या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज वर्ग करण्यात येत आहे.' ज्यांच्याकडे वर्ग केला, त्यांनी महिन्याने तेच वाक्य लिहून तो परत पहिल्यांकडे वर्ग केला. माझा अर्ज माहेरी-सासरी करत बसला, फक्त त्याला न्यायला भाऊ लागत नव्हता.

मग पहिलं अपील. अपील ऐकणारे मोठे साहेब पहिल्याच कचेरीतले, शेजारच्या खोलीतले. ज्यांच्याविरुद्ध अपील, त्या माहिती अधिकारी भाऊसाहेबांनीच मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि साहेबांसाठी आणि माझ्यासाठी चहा मागवला. इतक्या मायेने मला कधी कुणी अडवलं नव्हतं. साहेबांनी आदेश दिला, पंधरा दिवसांत माहिती द्या. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. पंधरा दिवस गेले, साखर मुंग्यांनी नेली, माहिती आली नाही.

तेव्हा दुसरं अपील केलं, वर आयोगाकडे. आणि त्यानंतर सगळं शांत झालं. इतकं शांत की मी आबांना म्हटलं, पत्ता तर चुकला नाही ना? एक अखाजी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. तुझं कॉलेज संपलं, परीक्षा झाल्या, निकाल लागला. माझं अपील आपलं रांगेत.

इकडे रस्ता मात्र आला. एका बाजूने निंबापर्यंत रुंद झाला, दुसऱ्या बाजूनेही निंबापर्यंत रुंद झाला, आणि मधे थांबला. बाभळी गेल्या, चिंच गेली. निंब तेवढा उभा. एसटी तिथे येऊन नवरीसारखी अंग चोरते आणि वळसा घालून जाते. गावाला वाटलं, अक्काने वर कुठे वशिला लावला. मीही नाही म्हटलं नाही.

खरं काय ते गेल्या थंडीत कळलं. भाऊसाहेब स्वतः घरी आले. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. जेवून हात धुतला आणि म्हणाले, "अक्का, एक मागतो, नाही म्हणू नका. अपील मागे घ्या."

"का हो?"

"मागे घेतलंत की लगेच माहिती देतो."

"लगेच? मग इतकी वर्षं काय केलंत?"

त्यांनी रुमालाला हात पुसले. मग म्हणाले, "चूक झाली. तुम्ही वर अपील केलं तेव्हा मी घाबरलो. वरून विचारतील, कागद अर्धवट का पाठवले. म्हणून तुमच्या अपिलासोबत मी मूळ फाईलच बांधून पाठवली. नकला ठेवल्या नाहीत. यादी त्यात, तोडायची परवानगी त्यात. बठ्ठं, सगळंच वर गेलं."

"मग?"

"मग ठेकेदार म्हणतो, निंबावर अपील आहे, कागद दाखवा, मगच कुऱ्हाड लावतो. कागद वर. तुमच्या अपिलाचा निकाल लागल्याशिवाय फाईल खाली येत नाही."

आबांची सुपारी तोंडातच राहिली. मी विचारलं, "आणि अपील मागे घेतलं तर?"

"लगेच येईल."

"आणि आली की?"

दारातून निंब दिसतो. त्यांनी तिकडे पाहिलं आणि चप्पल शोधायला लागले.

आता बघ माझी गंमत. इतकी वर्षं मी ज्या दिरंगाईला शिव्या घातल्या, तिनेच माझं झाड राखलं होतं. तांब्याभर पाणीसुद्धा न घालता. त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की मी आत जाऊन बसायचे. आबा म्हणायचे, "आधी पत्र येत नाही म्हणून रडायची, आता येईल म्हणून रडते."

आणि पत्र आलं. सुनावणी, जळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत पडद्यावर. साहेब लांबच्या गावाहून पडद्यात दिसणार आणि आपण इकडून बोलायचं. आम्ही पाचोऱ्याहून गाडीने गेलो. बाकावर शेजारी भुसावळकडचे एक बाबा बसले होते, हातात पिशवी, पिशवीत कागद. मी विचारलं, तुमचं काय?

"शेताच्या मोजणीचा नकाशा मागितला होता. भावासोबत बांधाचा वाद होता."

"मग आज मिळेल."

"मिळेल ना. पण आता नकाशा घेऊन काय करू, अक्का? ज्याच्याशी भांडायचं तो भाऊच गेला. नकाशा वेळेत आला असता तर शेवटची दोन वर्षं आम्ही बोललो असतो."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली. दुसरं काय करणार? ज्या उशिराला मी मनातल्या मनात ओवाळत होते, तोच उशीर या माणसाच्या ताटात काय वाढून गेला ते समोर बसलं होतं.

माझं नाव पुकारलं. पडद्यावरचे साहेब भले वाटले, आवाज थकलेला. भाऊसाहेब माझ्या शेजारी मान खाली घालून.

"आजी, माहिती मिळाली का?"

"नाही, साहेब."

"ठीक. मूळ फाईल कार्यालयाला परत करतो. त्यांनी पंधरा दिवसांत तुम्हाला नक्कल द्यावी, असा आदेश..."

"साहेब, थांबा!" माझाच आवाज मला मोठा वाटला. "पुढची तारीख द्या."

साहेब पडद्याच्या जवळ आले. "अपिलकर्त्या तुम्हीच ना? उशीर होतो म्हणून तुम्हीच आलात ना?"

"हो. पण माझं म्हणणं दीडशे शब्दांत बसलं नव्हतं. आता सगळं लिहून देते. अखाजी होऊ द्या. लेकी माहेरी येतात, त्यांच्याशी बोलून लिहिते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना निंब कळला असेल असं नाही. चेहऱ्यावरून वाटलं, त्यांच्याकडेही कुठेतरी अखाजी असावी. म्हणाले, "लेखी म्हणणं सादर करा. पुढील तारीख कळवण्यात येईल."

हे वाक्य इतकी वर्षं मला विंचवासारखं डसायचं. त्या दिवशी ते कानाला गोड लागलं. जिन्यावर भाऊसाहेब हळूच म्हणाले, "अक्का, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं." मी म्हटलं, "नात आहे ना."

पण परतीच्या गाडीत मला ते बाबाच दिसत होते. आणि अजून एक लाजेची गोष्ट सांगते. निंब यादीत आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही. कदाचित नसेलच, आणि आम्ही सगळे एका कोऱ्या ओळीला घाबरून बसलो असू. न कळण्याच्या आडोशाला बसून झाड किती दिवस राखायचं? म्हणून आता ठरवलंय, पुढच्या तारखेला मी तारीख मागणार नाही. माहिती घेणार. आणि निंब यादीत निघालाच, तर त्याच दिवशी त्याच टेबलावर गावच्या बायांचं निवेदन ठेवणार. वळण तसंच राहू द्या, निंब राहू द्या. सासूबाई या वेळी आत आहेत, झोक्यासकट. इथे शब्दांची मर्यादा नाही. सह्या मात्र फक्त सुनांच्या झाल्यात. झोका खेळलेल्या लेकींच्या अजून व्हायच्यात, त्या एकाच दिवशी सगळ्या गावात सापडतात.

तुझ्या टेबलावर जे अर्ज पडलेत ना, त्यातला एखादा त्या भुसावळकडच्या बाबांसारख्या माणसाचा असेल. त्याला वेळेत उत्तर दे. त्याने माझ्यासारख्या एखादीचं झाड जात असलं तरी दे. तिला भांडायला वेळ तरी मिळेल.

आणि अखाजीला ये. रजेचा अर्ज आजच टाक, तिसाव्या दिवसाची वाट बघू नकोस. आईलाही आण, सही तिचीही लागेल, आणि तिने झोक्यावर बसून किती वर्षं झाली ते तिलाच विचार. खापरावरच्या पुरणपोळ्या मी करते, दोर आबा आणतात. मागून झोका मी देईन, हात अजून चालतात. फक्त लवकर ये, पोस्टमन पुढची तारीख घेऊन माझ्या दारात यायच्या आधी.