किशोरचं नाचरं अक्षर

महाडच्या फ्लेक्सवाल्या किशोरला ते अक्षर पहिल्यांदा दिसलं तेव्हा, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सावित्री नदी क्षणभर उलटी वाहिली, स्टँडवरच्या सगळ्या एसट्या वेळेवर सुटल्या आणि दुकानातला संगणक शहारून गप्प झाला. प्रत्यक्षात वीज गेली होती. पण प्रेमात पडलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

अक्षर, म्हणजे संगणकातला तो फॉन्ट, होतंही देखणं. रंगाच्या ब्रशने झरझर ओढल्यासारखं. ताठ म्हणून एक काना उभा नाही, वरची रेघ लाटेसारखी, वेलांट्या पतंगाच्या शेपटीसारख्या उडालेल्या आणि टोकं रंग संपत आल्यासारखी फाटकी. आइस्क्रीमच्या गाडीला, वाढदिवसाला, क्रिकेटच्या सामन्यांना शोभणारं. किशोरने ते दातांच्या दवाखान्याच्या बोर्डालाही लावलं. पोरं कुल्फी मागायला आत शिरली.

किशोरचं दुसरं प्रेम कुडपण गावची सारिका. ती महाडला कापडदुकानात कामाला होती. "आधी माझ्या बाबांना खूश कर, मग मला विचार," तिने बजावलं होतं. बाबा म्हणजे हैबतीकाका. ते खूश झाल्याची आठवण गावात कुणालाच नव्हती.

अशात हैबतीकाकांचे वडील गोमाजीबाबा पिकल्या वयात गेले आणि बाराव्याचा बोर्ड किशोरकडे आला. त्याने जीव ओतला. नातवाच्या लग्नातला, फेटा बांधून खदाखदा हसणारा फोटो निवडला आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्याच लाडक्या अक्षरात टाकलं.

पण ग्रामपंचायतींचे निकाल त्याच आठवड्यात लागले होते आणि निवडून आलेल्या झाडून सगळ्यांचे फ्लेक्स किशोरनेच, याच अक्षरात केले होते. बाराव्याच्या सकाळी किशोरने कुडपणच्या वळणावर बोर्ड उभा केला, तेवढ्यात पलीकडच्या वाडीतल्या मुंबईकर पोरांची जीप तिथे आली. मजकूर वाचतो कोण? फेटा, हसू आणि नाचरं अक्षर, एवढ्यावर त्यांनी उरलेली फटाक्यांची माळ लावली. "गोमाजीबाबांचा विजय असो!"

डोकं भादरलेले हैबतीकाका अंगणातून धावत आले.

"किशोर! बा माझा गेलाय रे! निवडून नाय आला!"

"काका, अक्षर जरा मोकळं हाय, एवढंच..."

"मोकळं? नाचतंय ते!"

ओढणीत तोंड खुपसलेल्या सारिकाचे खांदे हलत होते. ती रडतेय असं पाहुण्यांना वाटलं. किशोरला मात्र हा शुभशकुन वाटला. काका आत गेल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"अरे, निदान आज तरी त्या अक्षराला खाली बसवायचंस!"

"दुसरं लावायला मन होईना गो."

"मग लगीनपण त्याच्याशीच लाव."

ही थट्टाच, असं धरून किशोरने घरी जाऊन सारिकाच्या आणि आपल्या लग्नपत्रिकेचा नमुना करायला घेतला. अक्षर कोणतं, ते सांगायला नकोच.

वैशाखात सारिकाचं लग्न झालं. नवरा पनवेलला असतो. पत्रिका दुसऱ्या दुकानात छापली, साध्या सरळ अक्षरात.