ओठांवरचं ताक

सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात मी आयसीयूत सिस्टर होते. जतकडचे एक मेंढपाळ आजोबा लकवा मारला म्हणून आमच्याकडे आले होते. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं आणि गिळणंही. तोंडानं काही दिलं तर ते श्वासनळीत उतरायची भीती, म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती.

त्यांची बायको भेटायला यायची, पण नवऱ्यापेक्षा माझ्या हातांकडेच जास्त बघायची. मी आजोबांना कुशीवर वळवलं की पलीकडून येऊन पाठ तपासायची. कफ सुटावा म्हणून पाठीवर थापट्या दिल्या, तर म्हणाली, "मारतीस व्हय गं म्हाताऱ्याला?"

एका दुपारी भेटीची वेळ संपली आणि आजोबांचा श्वास घरघरायला लागला. मशीननं त्यांचा घसा साफ केला तर पांढरट पाणी आलं. नळीतलं दूध तर अजून द्यायचंच होतं. ओठांजवळ वाकले. आंबूस वास येत होता. डॉक्टरांना बोलावलं. रात्रीपर्यंत ताप चढला, एक्स-रेत छातीत डाग दिसला, इंजेक्शनं सुरू झाली.

कुणी पाजलं? माझा पहिला संशय वॉर्डातल्या मावशींवर गेला, कारण दयेपोटी कुणालाही पाणी देणारी बाई ती. विचारलं तर भडकली. "एवढं कळत नाही होय मला?" म्हणाली, आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. तरी मी तिच्यावर डोळा ठेवून होते.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या तेव्हा मी शेजारच्या खाटेचं सलाईन बघत उभी राहिले. त्या नवऱ्याचं तोंड पुसायला वाकल्या. पुसणं काही संपेना. मी जाऊन त्यांचा पदर बाजूला केला. हातात औषधाची जुनी बाटली, तिच्यात ताक.

"काय पाजताय आजी?"

"तू उपाशी मारतीस त्यास्नी, म्हणून पाजतोय. नाकानं कुणी जेवतं व्हय?"

मला राग आला होता, पण भांडले असते तरी ती बाटली उद्या पुन्हा आलीच असती. खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, नळी जागेवर आहे का ते तपासलं, दूध आणलं. आजींनी आधी वास घेतला, मग थेंब तळहातावर घेऊन चाटला. "गोड हाय," म्हणाल्या, तरी कपाळावरची आठी गेली नाही. मी दुधाची पिचकारी नळीला लावून त्यांच्या हातात दिली. दूध हळूहळू नळीतून उतरताना त्या नवऱ्याच्या घशाकडे टक लावून बसल्या होत्या. खोकला आला नाही. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"पोटात गेलं?"

"गेलं."

"आन् कालचं माझं?"

मी आजोबांच्या छातीवर बोट ठेवलं.  आजी पदर तोंडाला लावून बसल्या.

ताप सावकाश उतरला. मावशींची मी माफी मागितली, पण त्यांचा रुसवा काही लगेच गेला नाही. आजोबांना जनरल वॉर्डात हलवलं, तेव्हा सामान द्यायला मी खाली गेले. तिथली नवी सिस्टर नळीतून दूध द्यायला आली होती आणि आजी तिची वाट अडवून उभ्या होत्या. "थांब गं बाई. आदी डोस्कं वर कर त्यांचं. मग बघू."