सायसिंगला दोहाला नेलं नाही

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हाही हे ओठांवर यायच्या आत मी दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही सायसिंगला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

मी मूळचा कळसाडीचा. शहाद्याला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. सायसिंग धडगावकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. आठवीत आम्ही शहाद्याच्या एकाच शाळेत आलो. तो वसतिगृहात राहायचा, मी मामाकडे. कापूस वेचून झालेल्या शेतात आम्ही फुटबॉल खेळायचो. पऱ्हाट्यांची खुंटं पायाला टोचायची, आणि सायसिंग त्या खुंटांमधून चेंडू असा काढायचा की — जाऊ द्या. खेळाचं कौतुक करत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल, आणि ते मला फार सोयीचं आहे.

पुढे तो आश्रमशाळेत शिक्षक झाला. पोरांना गणित शिकवायचा आणि संध्याकाळी फुटबॉल. दर विश्वचषकाला तो माझ्याकडे शहाद्याला यायचा, कारण त्याच्याकडे वीज असली तर असायची. आम्ही म्हातारे होत चाललो तरी हे सुटलं नाही. आणि मग बातमी आली की विश्वचषक दोहाला होणार आहे. मी नकाशा काढला. समुद्र ओलांडला की आलंच! मुंबईहून विमानात बसायचं, एक झोप काढायची, की उतरायचं. सायसिंग नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "आते एक डाव तरी मैदानवर बशीसन देखूत."

त्या एका वाक्यावर आम्ही कितीतरी रविवार काढले. नंदुरबारहून कोणती गाडी पकडायची, विमानात कळण्याची भाकर नेऊ देतात का, तिथल्या मेट्रोत चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं. त्याचा आयुष्यातला पहिला पासपोर्ट. चौकशीला पोलीस पाड्यावर गेला तेव्हा अर्धा पाडा गोळा झाला. सायसिंगनं काय गुन्हा केला म्हणून बायका रडायला लागल्या. हे सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याची बायको जमना, ती आयुष्यात शहाद्याच्या पुढे गेली नव्हती. पण दोहाला थंडी असते का, हे तिनं मला विचारून घेतलं होतं.

त्याच काळात त्याचे डोळे तपासले. काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, बाजूचं गेलं होतं. नळीतून बघावं तसं. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पण थेंब रोज टाकले तर उरलेलं पुष्कळ दिवस टिकेल. सायसिंगनं ते शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाला की समोरचं दिसतंय ना, मैदान समोरच असतं.

आता ते नंदुरबारच्या स्टँडचं सांगतो. हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

पासपोर्टच्या कामासाठी आम्ही दोघं नंदुरबारला गेलो होतो. परत निघताना स्टँडवर गर्दी होती. शहाद्याची बस लागली तशी माणसं धावली. सायसिंगला पायरी दिसली नाही. तो पडला — एका बाईच्या पिशवीवर, भाजी सगळी रस्त्यावर. बाई ओरडली. कोणीतरी म्हणालं, "पावरा शे, पिईसन उना व्हई." लोक हसले. सायसिंग आयुष्यात कधी प्यालेला नाही. तो गुडघ्यावर बसून मिरच्या, वांगी चाचपून पिशवीत भरत होता आणि मान वर करून मला शोधत होता. मी त्याच्या बाजूला होतो, म्हणजे नेमका जिथं त्याला दिसत नव्हतं तिथं. आणि मी — मी दोन पावलं मागे सरकलो. वेळापत्रकाचा फलक वाचायला लागलो. माझा एक जुना विद्यार्थी त्या गर्दीत होता, त्यानं मला नमस्कार केला होता. त्याच्यासमोर मला सायसिंगबरोबरचा व्हायचं नव्हतं.

तो उठला, कपडे झटकले, मला हाक मारली. मी पुढे होऊन म्हणालो, अरे कुठे होतास तू? शोधतोय मी केव्हाचा.

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याचा माझ्यावर विश्वास नेहमीच असायचा.

त्यानंतर माझा साडू प्रकाश आमच्या बेतात आला. तो सुरतेला असतो, कापडाचा धंदा. त्याचे दोन मित्रही येणार होते. प्रकाशला सायसिंगचं कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "तिथं काय त्याचा हात धरून फिरायचं का आपण?" मी त्याच्याशी भांडलो असतो तर बरं झालं असतं.  फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. माझ्याच मनातलं दुसऱ्या कोणी बोलून दाखवलं होतं.

दोहात शिरायला एक परवानगी लागायची, ती मोबाइलवरून काढायची होती. सायसिंगला बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून त्याचंही मीच करणार होतो. माझं मी केलं. त्याचं मी केलंच नाही. विसरलो नाही. रोज आठवण व्हायची आणि रोज मी केलं नाही. शेवटी मुदत गेली.

बरं, इथवर भित्रेपणा म्हणा. मी खरं सांगू शकलो असतो — प्रकाशला नको आहे, मलाही जमणार नाही. तो रागावला असता. कदाचित वर्षभर बोलला नसता. पण त्याला माणसाचा राग आला असता, स्वतःचा नाही. किंवा मी निदान एखादं साधं खोटं सांगायचं — जागा संपल्या, यंत्रणा बंद पडली. शंभर खोटी होती. मग मी तेच का उचललं? कितीदा विचार केला आहे यावर. मला वाटतं, असं खोटं हवं होतं ज्यावर तो पुढे काही विचारणारच नाही.

मी त्याला सांगितलं, "तुझं नामंजूर झालं. डोळ्यांमुळे."

आम्ही माझ्या ओट्यावर बसलो होतो. तो म्हणाला, "डोयामुळे?" मी हो म्हणालो. कोणता देश फुटबॉल बघायला येणाऱ्याचे डोळे तपासतो? सातवीतल्या पोरानं विचारलं असतं. गणिताच्या मास्तरनं विचारलं नाही. मी सांगितलं होतं ना!  त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला — माझ्या पाठीवर — आणि म्हणाला, "तू जाय भो. मन्हा वाटानं बी देखी ये."

त्याच्या वाट्याचंही मी बघून यायचं होतं. मी गेलो.

दोहाबद्दल काय सांगू? मैदान खूप सुंदर होतं. हिरवा रंग इतका हिरवा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. प्रकाश आणि त्याचे मित्र पूर्वार्धातच खाण्याच्या मागे लागले. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. मी एकटाच बघत होतो, आणि कोणी चांगला पास दिला की नकळत शेजारी वळून बोलायला जायचो. शेजारी प्रकाशची पिशवी ठेवलेली होती. घरी आल्यावर जमनावहिनीनं सांगितलं की त्या दिवशी सायसिंग टीव्हीला नाक लावून बसला होता. कॅमेरा लोकांवर गेला की मी दिसतोय का ते शोधत होता. मी त्याच्यासाठी एक मफलर आणला होता. त्यानं तो गळ्यात घालून शाळेत नेला आणि पोरांना सांगितलं, मन्हा दोस्त तिथं जाईसन उना.

मला वाटलं, संपलं. त्याला वाईट वाटलं, पण निभावलं. माणसं याहून मोठ्या गोष्टी निभावतात.

मग महू, म्हणजे मोहाची फुलं, पडायचे दिवस आले. मी त्याच्या पाड्यावर गेलो होतो. सकाळची वेळ, महूच्या झाडाखाली जमना आणि नातवंडं फुलं वेचत होती. सायसिंगही बसल्या बसल्या हातानं चाचपून वेचत होता. मला ते खटकलं. आधी तो समोरचं फूल बघून उचलायचा. मी विचारलं की थेंब चालू आहेत ना. जमना लांब गेलेली आहे हे त्यानं आवाजावरून ताडलं आणि हळूच म्हणाला की नाही, केव्हाचेच सोडले. वहिनीसमोर बाटली घेऊन घरामागे जायचा आणि तसाच परत यायचा. मी विचारलं, का? तो हसला.

"ज्या डोयास्ले कोनी मझार लेत नही, त्यास्मा थेंब टाकीसन काय करू?"

ज्या डोळ्यांना कोणी आत घेत नाही. हे माझं वाक्य होतं. ते मी माझ्या ओट्यावर बसून, चहा पिता पिता, सुटका व्हावी म्हणून बोललो होतो. त्यानं ते घरी नेलं होतं, त्यावर विचार केला होता, आणि त्याप्रमाणे वागला होता. त्यानं शाळेतल्या पोरांना संध्याकाळी फुटबॉल शिकवणंही सोडलं होतं, हे मला तिथंच कळलं. ज्याला परक्या मुलखातल्या सरकारनं निकामी ठरवलं त्यानं पोरांना काय खेळवायचं, असं काहीतरी तो म्हणाला.

थांबा. इथं मला नीट सांगायला हवं, कारण माझा गुन्हा हा आहे. स्टँडवरचा नाही, ओट्यावरचासुद्धा नाही. तिथं, त्या झाडाखाली, अजून वेळ होती. त्याला अजून दिसत होतं. नळी अरुंद झाली होती पण बंद झाली नव्हती. मी एवढंच म्हणायचं होतं — सायसिंग, कोणी नामंजूर केलं नाही, मीच अर्ज केला नाही, मला तुझी लाज वाटली. एवढंच. त्यानं मला दगड मारला असता आणि त्या संध्याकाळी थेंब टाकले असते.

माझं तोंड उघडलं होतं.  आणि मी म्हणालो, असं करू नये रे, औषध घ्यावं. जसं कोणीही म्हणतं. मग मीही खाली बसलो आणि त्याच्या शेजारी महू वेचायला लागलो. त्याला बरं वाटलं. कॉलेजातला मास्तर असून मातीत बसला, म्हणाला.

मी वहिनीलाही सांगितलं नाही की तो थेंब टाकत नाही. सांगितलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं, त्यानं कारण सांगितलं असतं, कोणीतरी शिकलेलं पोरगं म्हणालं असतं की असं कुठे असतं का — आणि गोष्ट फिरत फिरत माझ्यापाशी आली असती. बघा, किती बारीक विचार करतो माणूस स्वतःला वाचवताना! मी त्याची नजर एका बाजूला ठेवली आणि माझी अब्रू दुसऱ्या बाजूला, आणि निवड केली. त्यानंतर जितक्या वेळा त्याच्याकडे गेलो तितक्या वेळा तीच निवड पुन्हा केली.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्याला दिसायचं थांबलं. उजेड-अंधारही कळत नाही. सुरतच्या डॉक्टरांनी फाइल चाळून विचारलं की औषध नियमित होतं का. सायसिंग हो म्हणाला. मी बरोबर होतो. मी मान खाली घातली.

आता पुन्हा विश्वचषक आलाय, या वेळी अमेरिकेत. काही सामने आपल्याकडे सकाळी लागतात. सायसिंगच्या मुलानं शहाद्यात घर बांधलंय, नवरा-बायको तिथंच असतात. मी जातो. तो खाटेवर बसतो, मी शेजारी. चेंडू कुठे आहे, कोण धावतंय, कोण पडलं, हे मी सांगतो. तो मध्येच हात वर करतो, ओरडतो, पोरांसारखा. घरातले म्हणतात, सर येतात म्हणून यांचा दिवस जातो.

मागच्या आठवड्यात गेलो तर जमनावहिनी दारातच उभी होती. हातात एक पिशवी. पाड्यावरचं जुनं घर आवरायला गेली होती, तिथं घरामागच्या गवताच्या छपरात ह्या सापडल्या. औषधाच्या बाटल्या. सगळ्या भरलेल्या. झाकणाचं सीलही तसंच. तिनं पिशवी माझ्यापुढे उघडी धरली होती आणि आवाज खाली आणला होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून. माझ्याशी बोलताना ती अहिराणी बोलते, अडखळत.

"त्या तुमले काही बोलनात का, दादा? काबरं सोडं औषध?"

तिचे डोळे कोरडे होते. ती भांडायला आली नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं — आपण रोज विचारत होतो, तरी आपलंच कुठे चुकलं का? हे तिनं म्हटलंसुद्धा. मन्हंच चुकनं व्हई, म्हणाली. मीच लक्ष दिलं नाही, असंही म्हणाली.

मी म्हणालो, नाही वहिनी. मला काही बोलला नाही.

तिनं मान हलवली. पिशवीला गाठ मारली आणि आत गेली. मी चपला काढल्या. माझ्या पावलांचा आवाज ओळखून सायसिंगनं खाटेवर सरकून जागा केली. सामना सुरू झालेला होता, टीव्हीवर लोक ओरडत होते. मी त्याच्या शेजारी बसलो. त्यानं माझा गुडघा चाचपून धरला.

"बॉल कोनाकडे शे?"

मी सांगितलं.