मुरिगेप्पाचा पिवळा दोरा

गुळेदगुड्डच्या बाजारात मोटार कोण दुरुस्त करतं असं विचारलं, तर लोक दोन नावं सांगत आणि तिसरं सांगताना हसत. तिसरं नाव मुरिगेप्पाचं. वीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले होते. मग त्याने माग सोडला आणि बसस्टँडमागे पत्र्याची शेड घातली. पण बहिऱ्याकडे गाडी कोण नेणार? तीन महिने नुसत्या सायकली आल्या. शेवटी त्याने बायकोला, निंगव्वाला, शब्द दिला होता: सोमवारपर्यंत एक तरी मोटार धड करून दाखवीन, नाहीतर पुन्हा मागावर उभा राहीन.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी आमच्या नाटक कंपनीची अँबेसिडर किंचाळत बाजारात शिरली. पुढे ड्रायव्हर राजेसाब आणि मालक चनबसय्या, मागे नायिका सुमंगलाक्का आणि कंपनीचा जुना खलनायक, म्हणजे मी. संध्याकाळी बदामीजवळ बनशंकरी देवीच्या जत्रेत आमचा पहिला खेळ होता. आणि काय ती किंचाळी! मरणाच्या प्रवेशात मला जन्मात असा सूर लागला नाही. भाजीवाल्या, टांगेवाले, झोपलेली कुत्री, सगळ्यांच्या माना वळल्या. बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली ती नेमकी मुरिगेप्पाच्या शेडसमोर.

"बनशंकरीनंच आणून सोडलं," सुमंगलाक्का म्हणाली.

"पण कुणाच्या दारात, ते बघ!" मालकांनी कपाळाला हात लावला.

मुरिगेप्पा हात पुसत बाहेर आला. "ओरडू नका. माझ्याकडे तोंड करून बोला, मला कळतं."

"अण्णा, पट्टा परवाच नवा घातलाय," राजेसाब म्हणाला. "तरी सरकायला लागला, म्हणून राळ लावली."

राळ आमचीच. राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर फेकून जाळ उठवायचो, तीच. आमच्याकडे पिठाच्या गिरणीचा पट्टा सरकला की राळच लावतात, त्यात राजेसाबचं काय चुकलं?

मुरिगेप्पाने पट्ट्याची कड दाखवली. आरशासारखी चकाकत होती. "गिरणीचा पट्टा चपटा असतो. हा खाचेत बसतो. राळेनं दोन मैल धरतो, मग काच होते. पंखा, पाण्याचा पंप आणि वीज करणारा डायनामो, तिन्ही याच्यावरच फिरतात. हा सरकला की पाणी उकळणारच."

"मग आवळ आणि सोड बाबा!" मालक म्हणाले.

"आवळीन. पण नवा पट्टा दोन दिवसांत का ओरडला? ते कळल्याशिवाय सोडायचा नाही."

गाडी निवल्यावर त्याने पट्टा आणि पुल्या रॉकेलने पुसल्या, पुन्हा रेडिएटर भरला. मग माझ्याकडे वळला. "तुम्ही नाटकवाले ना? आता माझे कान व्हा. आवाज आला की हात वर, थांबला की खाली."

राजेसाबने इंजिन चालू केलं. माझा हात वर गेला. मुरिगेप्पाने फिरत्या पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. किंचाळी थांबली, हात खाली. दहा श्वासांनी पुन्हा आली, हात वर.

"पट्टा नुसता ढिला असता, तर पाण्यानं आणखी ओरडला असता," तो म्हणाला. "हा वाकडा चालतोय."

मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोच्या अंगाला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. कानांनी नाही, तरी यंत्राची थरथर त्याला दातांतून कळत होती. "बेअरिंग चांगलं आहे."

स्टँडवर बदामीची बस लागली. मालक हळूच म्हणाले, "सुमंगला, चल बसनं. बहिरा आवाज शोधतोय, आपण काय तोंड बघत बसायचं?"

"मालक, बहिऱ्यासमोर हळू बोलून काय उपयोग?" मुरिगेप्पाने ओठ वाचले होते. "अर्धा तास द्या. नाही जमलं तर मी सोमवारी मागावर."

सुमंगलाक्काने पेटी उघडून आरसा काढला. "मी इथंच बसते. तोंडाला रंग गाडीत लावीन."

बस गेली. मुरिगेप्पाने इंजिन बंद करवलं आणि शेडच्या कोपऱ्यात निंगव्वा मागासाठी दोरा भरायची, त्या कांडीवरून पिवळा रेशमी दोरा काढला. खालच्या पुलीपासून पंख्याच्या पुलीपर्यंत तो ताणला; दोरा दोन्हींना चिकटून बसला. मग डायनामोपर्यंत नेला. तिथे एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढी फट.

"उभा धागा एवढा वाकडा गेला तर अख्खी साडी बिघडते," तो पुटपुटला आणि डायनामोखाली हात घातला. मागच्या बोल्टवरची जाड चकती गायब होती. मागच्या महिन्यात डायनामो काढून बसवताना कुणीतरी विसरलं होतं.

तसली चकती गावात मिळेना. त्याने मोडक्या मागाची एक शोधली आणि घासत बसला. बसवून दोरा लावला, पुन्हा काढली, पुन्हा घासली. तीनदा. चौथ्यांदा दोरा तिन्ही पुल्यांना सरळ लागला. मग राजेसाबच्या पेटीतला दुसरा नवा पट्टा चढवला आणि अंगठ्याने दाबून अर्धा इंच झोल ठेवला.

"चालू करा. दिवे लावा, डायनामोवर भार येऊ दे. रेस द्या!"

माझा हात मांडीवरच राहिला. मुरिगेप्पा त्याच्याकडेच टक लावून होता. "तुम्ही नट आहात," तो म्हणाला. "उगाच माझं मन राखत नाही ना?"

"शपथ!" मी म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही.

गाडी निघाली तसा तो शेजारून चालू लागला. मला वाटलं, पट्टा बघतोय. पण त्याची नजर बाजारावर होती. भाजीवाली माप घालत होती. टांगेवाला विडी ओढत होता. कुत्री झोपली होती. एकाही माणसाने मान वळवली नाही.

कोपऱ्यावर तो थांबला आणि मोठ्याने, स्वतःला ऐकू जावं इतक्या मोठ्याने, हसला.

सोमवारी त्याच्या शेडला कुलूप नव्हतं. परतताना आम्ही मुद्दाम त्याच रस्त्याने आलो. तो एका जीपखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते.