दुर्बिणीवरचं कुंकू

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आणि मी, पासष्टी उलटलेला माणूस, हरणाच्या शिकारीसाठी रायफलवर बसवायची दुर्बीण निवडत होतो. हसा, खुशाल हसा. बायको तर रोज हसायची.

मुलगा इथेच अमेरिकेत, अल्फारेटात जन्मला, वाढला, लग्नही त्याने इथल्याच मुलीशी केलं. आमचे व्याही पक्के शिकारी. त्यांच्या नादाने यानेही रायफल घेतली आणि एक दिवस मला फोन केला. "बाबा, स्कोप तू पिक कर ना. यू लव्ह रिसर्च. आणि सीझनच्या पहिल्या दिवशी आमच्याबरोबर चल."

कॉलेजला गेल्यापासून या पोराने मला काही विचारलं नव्हतं. माझा तर जीव सुपाएवढा झाला. हरणाशी मला काय करायचंय? मला त्याच्याबरोबर जायचं होतं, बस्स.

मग काय, मी हात धुऊन मागे लागलो. दुकानातला माणूस सगळ्यात जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण गळ्यात मारत होता. म्हटलं, बाबा रे, इथलं जंगल दाट, हरीण दिसतं तेच जवळ. एवढं मोठं करून बघितलं तर काचेत नुसतं कातडं दिसेल. शिवाय गोळी सुटली की रायफल मागे धक्का देते आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. आमच्या पोराला तिसरीपासून चष्मा. म्हणून डोळा चांगला लांब ठेवूनही पूर्ण दिसेल अशीच हवी, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडातही स्वच्छ दिसायला हवं. तशी मिळेपर्यंत मी तीन गावांची दुकानं पालथी घातली.

घरी आणली तेव्हा नेमकी खंडेनवमी आली. बायको दरवर्षी पाटावर सुरी, स्क्रूड्रायव्हर, माझा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या मांडते. "आता ही पण शस्त्रातच आली की," असं पुटपुटत तिने दुर्बीणही मांडली आणि हळद-कुंकवाचं बोट लावलं. काचेला नाही हं, वरच्या काळ्या नळीला. "पोराच्या डोळ्याला काही होऊ नये म्हणून," म्हणाली. मला ते फार आवडलं.

सीझनच्या आदल्या दिवशी आम्ही व्याह्यांकडे गेलो. गॅरेजमध्ये मुलाने खोका उघडला, दुर्बीण डोळ्याला लावून बघितली. "वॉव, बाबा, परफेक्ट!" मी सुखावलो. तेवढ्यात व्याह्यांनी विचारलं, हे लाल काय लागलंय?

"नथिंग. सम पेंट ऑर समथिंग," मुलगा म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीने त्याने ते खसाखसा पुसून टाकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रंग म्हणे! लहानपणी दर खंडेनवमीला आपल्या सायकलीला हट्टाने कुंकू लावून घेणारा हाच.

निघताना तो गाडीपर्यंत आला. "बाबा, उद्या खूप थंडी आहे. आणि मचाणावर दोघांचीच जागा आहे. नेक्स्ट इयर, ओके?" मी ओके म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी स्वतःसाठी आणलेलं शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट मागच्या सीटवर तसंच पडून होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. हरणाचं डोकं धरून मुलगा बसलेला, खांद्यावर व्याह्यांचा हात, आणि कपाळभर रक्त. बायको किंचाळलीच. "अगं बाई! भुवईवर आपटलं वाटतं!" एवढी जपून घेतली आणि शेवटी लागलंच? मी घाईघाईने फोन लावला.

"नो, नो, बाबा, आय ॲम फाइन!" तो खिदळत होता. "हे हरणाचं रक्त आहे. पहिलं हरीण मारलं की लावतात. इट्स अ ट्रॅडिशन. डॅडने स्वतःच्या बोटाने लावलं."

डॅड म्हणजे व्याही.

"बरं, मग आता धुऊन टाक ते," मी म्हणालो.

"नाही बाबा, ते दिवसभर पुसायचं नसतं."

इतका संताप आला की मी फोनच ठेवून दिला. बायको शेजारी उभी राहून विचारत होती, "लागलंय का हो त्याला?"

"नाही," मी म्हणालो, "त्याला काही लागलेलं नाही."