कंपनी बदलली त्या दिवशी

बाबांच्या ऑक्सिजन मशीनवरचा हिरवा दिवा मी सकाळपासून टक लावून बघत होतो. आमची वीज कंपनी त्या दिवशी बदलणार होती. जुनीची वीज जाऊन नवीची येईपर्यंत बाबांचा श्वास अडायला नको, म्हणून मी रजा काढून सिलिंडर कवटाळून बसलो होतो. माणसं नवी वायर घेऊन येतील, असा माझा पक्का समज.

"सोड त्याला. कुठे पळून जातोय तो?" बाबा म्हणाले.

दुपारी न राहवून कंपनीत फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, ती कालच बदलली की. वायर जुनीच असते."

म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीची मी राखण करत होतो. आधी हसू आलं, मग अंगावर काटा. कुठे कोळसा जळतोय, कुठे धरणाचं पाणी झेपावतंय. मालक वेगळे, परवाने वेगळे, तरी त्या सगळ्यांच्या जनित्रांची अजस्र चाकं देशभर एकाच तालात फिरताहेत, आणि त्यांची वीज एकमेकींत मिसळून या एवढ्याशा खोलीत येतेय.

"बदलली का रे?"

"कालच."

"मला तर काहीच कळलं नाही," म्हणत बाबांनी पुढचा श्वास घेतला. तो कुणाकुणाच्या विजेवर आला, कोण सांगणार?