नारळ ठेवला की ठरलं

आमच्या बिल्डिंगमध्ये नळ होते, पाणी नव्हतं. गिरगाव सोडून नवघरला जागा घेतली तेव्हा बिल्डरने नळ सोडून दाखवला होता आणि सासूबाई तेवढ्यावरच हरखल्या होत्या. ते पाणी त्या दिवशी कुठून आणलं होतं ते त्यालाच ठाऊक. राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी लहान लेकीला कडेवर आणि हंडा हातात घेऊन मागच्या गावात गेले.

गाव म्हणजे शेतं विकून उरलेली कौलारू घरं, देवीचं देऊळ, देवळापुढचा तलाव आणि तलावाच्या काठाला विहीर. तलाव भरलेला असेल तर विहिरीला पाणी, असा हिशोब. मला पाहून बायका कुरकुरल्या, बिल्डिंगवाल्यांना पाणी कशाला म्हणून. तेव्हा एक साठीची बाई पुढे झाली. "तिचे पोरीला तान लागत न्हाय काय?" म्हणाली, आणि स्वतःचा पोहरा माझ्या हंड्यात ओतला. त्या आमच्या काकी.

काकी गावच्या जुन्या ग्रामपंचायतीत मेंबर होत्या. पुढे पंचायत जाऊन नगरपालिका आली, आणि तीही सरकारने नेमलेल्या प्रशासकाला घेऊन. निवडणुकीचं बरीच वर्षं नावच नव्हतं. तेवढ्यात तलावाच्या कडेला डबर येऊन पडायला लागलं. तिथे बिल्डिंग उठणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. काकी कचेरीत खेटे घालून यायच्या आणि ओट्यावर बसून चिडायच्या. "पंचायतीन चुकला तर मेंबराचे दारान जाऊन शिव्या घालता येत. आता घालाव्या कोनाला?"

म्हणून निवडणूक लागली तेव्हा काकींनी उभं राहायचं ठरवलं. एकदा नगरसेवक झाले की तलावाला हात लावू देणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

गावाची एक रीत होती. उभं राहू बघणाऱ्या सगळ्यांनी देवळात बसायचं, सगळ्या गावासमोर वाद घालायचा आणि शेवटी एका नावावर देवीपुढे नारळ ठेवायचा. नारळ ठेवला की ठरलं. बाकीचे आपापला अर्ज मागे घ्यायचे. पंचायतीला गावात कधी मतदानाची वेळच आली नव्हती. मी त्या दिवशी देवळात मागे बसले होते. काकींचे धाकटे दीरही इच्छुक होते. दुपारभर त्यांनी काकींशी कडाकडा भांडण केलं, आणि शेवटी नारळ ठेवला तो त्यांनीच, काकींच्या नावाने. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडताना लोक खुर्च्या उचलतात. मला त्या माणसांचा हेवा वाटला.

पण वॉर्डात आता निम्म्याहून जास्त बिल्डिंगा होत्या. तिथून दुसरा एक उमेदवार उभा होता आणि त्याचे पाण्याचे टँकर फिरत होते. मी काकींना म्हटलं, निदान गावात तरी घरोघर जा, मतं मागा.

"गावान मागत फिरली तर गाव म्हनंल, आमचे शब्दावर भरवसा न्हाय काय तुझा?"

"आणि बिल्डिंगांत?"

"तिकरं तू हाय ना, बाय."

मी फिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने दारातूनच विचारलं, "भाभी, पानी कौन दे रहा है, वो बोलो." मी पुढचा मजला चढले.

मतदानाच्या दिवशी गावातल्या मुलाचं खाडीपलीकडे लग्न होतं. सकाळी केंद्रावर गावचं कुणीच दिसेना, म्हणून मी धावत देवळाशी गेले. टेंपो भरलेले, बायका नटलेल्या, बेंजो चालू. काकीही निघाल्या होत्या. "काकी, आज मतदान आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"माझा टाकून आली मी. त्यांना कशाला थांबवू? नारल ठेवलाय."

मी टेंपोपाशी जाऊन एकेकाला विनवलं. काकींचे दीर हसून म्हणाले, "घाबरू नको, तुझी काकी निवडून आलीच." ते मला फसवत नव्हते. त्यांचं मत त्यांनी देवळात, सगळ्यांच्या देखत, बोलून आणि ऐकून घेऊन दिलेलं होतं. पेटीत कागद टाकणं हा त्यांच्या लेखी नुसता सोपस्कार होता. टेंपो निघून गेले. मला आजही त्या दिवसाचा राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

काकी पडल्या. गावात कुणी शब्द मोडला नव्हता, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार? दीर आठ-पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. काकी मला एकदाच म्हणाल्या, "आमी तर सगली एक व्हतो गो." मला मात्र त्यांच्यासमोर बसून रडू आलं.

पुढच्या उन्हाळ्यात काशीमिऱ्याच्या बाजूने ट्रक येत राहिले आणि तलाव बुजला. विहिरीचं पाणी आधी मचूळ झालं, मग आटलंच. आता गावातल्या बायकाही आमच्याबरोबर टँकरच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. त्यानंतरच्या निवडणुकीला गावाने त्या दिवशी एकही लग्न धरलं नाही, सगळे सकाळपासून रांगेत होते. काकीही माझा हात धरून आल्या. मत देऊन बाहेर पडल्यावर त्या तलाव होता तिकडे बघतही नव्हत्या.

काकी गेल्या तेव्हा मे महिना होता. त्यांची सून माझ्या दारात रिकामा हंडा घेऊन उभी राहिली. गावात टिपूस नव्हता.

"बाय, आयेला आंघोल घालाची हाय."

मी माझ्या पिंपातून हंडा भरला. आदल्या दिवशी भरलेलं, काकींविरुद्ध निवडून आलेल्याच्याच टँकरचं पाणी होतं ते. दुसरं पाणी माझ्या घरात नव्हतं. हंडा तिच्या डोक्यावर दिला आणि मागोमाग मीही गेले. काकींच्या अंगावर पहिला तांब्या मीच घातला, आणि त्या पाण्याचा ब्लीचिंगचा वास त्यांच्या घरभर पसरला.